जाणतें होणें म्हणजे काय?

शास्त्रभाग: योहान, अध्याय ९



योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांध मनुष्याची हकीकत आहे. ती आपण पुष्कळदां ऐकली आहे. प्रभूनें त्याच्या डोळ्यांस मातीचा लेप लाविला, शिलोहाच्या तळ्यांत जाऊन धुण्यास सांगितलें, आणि तो डोळस होऊन परत आला. ह्या चमत्काराकडे आपलें लक्ष इतकें लागतें कीं, त्याच अध्यायाच्या मध्यावर त्याचे आईबाप येऊन जातात, तिकडे आपण फारसें पाहत नाहीं. पुढाऱ्यांनीं त्यांस बोलावून विचारिलें कीं, हा तुमचाच मुलगा काय, आणि असेल तर ह्याला आतां दिसतें तें कसें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर आईबापांनीं दिलें. दुसऱ्याच्या वेळीं मात्र त्यांनीं अंग काढून घेतलें. मुलगा आतां लहान राहिला नाहीं, त्याचें त्यालाच विचारा, असें ते म्हणाले. योहान लागलीच त्याचें कारणहि सांगतो. येशूला ख्रिस्त म्हणून जो कबूल करील त्याला सभास्थानांतून घालवून द्यावें असा ठराव झाला होता, आणि त्या ठरावाची त्यांना भीति वाटत होती.

आईबापांचें बोलणें खरें होतें, परंतु तें भीतीपोटीं निघालें होतें. वयानें वडील असलेलीं तीं दोघें मागें सरलीं, आणि ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या हाताला धरून चालावें लागलें होतें, तो एकटा पुढें उभा राहिला. मग त्या घरांत त्या दिवशीं मोठें माणूस कोण होतें? जाणतें होणें म्हणजे काय, ह्या प्रश्नाचा विचार आज आपण ह्या घराच्या दाराशीं बसून करूं.

व्यवहारांत मोठेपण वर्षांनीं मोजतात. आगगाडीच्या तिकिटाच्या खिडकीपाशीं बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलाला पूर्ण भाडें पडतें; तेथें तो मोठा. १८७५ च्या कायद्यानें १८ वर्षें हें सज्ञानपणाचें वय ठरविलें. मत देण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेनें आरंभीं २१ व्या वर्षीं दिला होता. तो १९८९ पासून १८ व्या वर्षीं मिळतो. लग्नास मुलीला १८ व मुलाला २१ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पवित्र शास्त्रांतहि असेंच दिसतें. गणनेच्या पुस्तकांत लढाईस जाणाऱ्यांची मोजणी विसाव्या वर्षापासून आहे, आणि त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत निवासमंडपाच्या सेवेकरितां लेव्यांची मोजणी तिसाव्या वर्षापासून आहे. हीं मापें निरुपयोगी नाहींत. लहान लेंकरांवर कोणी अकालीं ओझें घालूं नये म्हणून तीं घातलेलीं कुंपणें आहेत. परंतु कुंपण शेताची राखण करितें, पीक उगवीत नाहीं.

नुसत्या वाढीनेंहि मनुष्य जाणता होत नाहीं. मुंबई शहराकडे पाहा. एके काळीं अंधेरी, घाटकोपर, बोरीवली, मुलुंड हीं साष्टी बेटावरचीं साधीं गांवें होतीं; भातशेतें होतीं, ताडामाडांची झाडें होतीं. १९५० सालीं अंधेरी व घाटकोपर बृहन्मुंबईच्या हद्दींत आलीं आणि १९५७ सालीं ती हद्द बोरीवली व मुलुंड यांच्याहि पलीकडे गेली. १९९० सालीं ह्या उपनगरांचा निराळा जिल्हा झाला, आणि २०११ च्या खानेसुमारींत त्या एका जिल्ह्यांत ९३ लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. त्यांत तुमच्या आमच्या गांवांहून गेलेलीं मुलेंहि आहेत. हद्द वाढली, वस्ती वाढली. परंतु हद्द वाढल्यानें शेजारी शेजाऱ्याला ओळखूं लागला असें कोणी म्हणणार नाहीं. मनुष्याचेंहि तसेंच आहे. उंची, मिशा, पगार आणि स्वतःची खोली हीं वाढीचीं चिन्हें आहेत. जाणतेपण ह्यांच्या आंत असेलच असें नाहीं.

हा प्रश्न एकदां ह्याच मुंबईच्या न्यायासनापुढें उघडपणें उभा राहिला होता. गिरगांवांत आंबरोळी येथें स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन राहत असत. त्यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनीं १८३९ च्या मे महिन्यांत बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजांत मोठा क्षोभ उसळला. मुलगा अजाण आहे, पाद्रीसाहेबांनीं त्याला आपल्या ताब्यांत ठेविलें आहे, अशी फिर्याद धनजीभाईंच्या नातलगांनीं सुप्रीम कोर्टापुढें आणिली. धनजीभाईंचें वय त्या वेळीं सोळासतरा वर्षांचें होतें. ख्रिस्ती धर्म खरा कीं पारशी धर्म खरा, हें ठरविण्यास कोर्ट बसलें नव्हतें. ह्या मुलाला आपलें बरें वाईट समजतें काय, एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. समजतें, असें ठरलें, आणि त्याला वाटेल तिकडे जाण्यास तो मोकळा आहे असा निकाल झाला. तो आपल्या इच्छेनें विल्सनसाहेबांच्या घरीं परत गेला. पुढें त्यानें पाळकाची दीक्षा घेऊन दीर्घ आयुष्यभर शुभवर्तमानाची सेवा केली.

चार वर्षांनीं, १८४३ सालीं, तोच प्रश्न पुन्हा आला. नारायण शेषाद्रि व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हे दोघे ब्राह्मण मुलगे मिशनच्या शाळेंत होते. नारायणाचा बाप्तिस्मा झाला. श्रीपत सुमारें बारा वर्षांचा होता व तो मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहत होता. बापानें कोर्टांत धांव घेतली, आणि न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं धाकट्याला बापाच्या स्वाधीन केलें. मिशनघरांत जेवलेल्या त्या मुलाला जातींत परत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर मोठा वाद माजला. तेव्हां ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्याचा पक्ष घेऊन त्याला परत घेवविलें, आणि त्याबद्दल सनातनी लोकांचा रोष पत्करिला.

आपण ख्रिस्ती लोक पहिल्या निकालाला आपला जय व दुसऱ्याला आपला पराजय समजतों. मला तसें वाटत नाहीं. दोन्हीं निकालांचें माप एकच होतें: ज्याला उत्तर देतां येतें त्याचें उत्तर ऐका, ज्याला अजून येत नाहीं त्याला बापाच्या घरीं राहूं द्या. श्रीपतच्या बापाचें दुःख खोटें नव्हतें. आणि बाळशास्त्री आपल्या मताचे नव्हते, तरी दुसऱ्याच्या लेंकरासाठीं त्यांनीं आपल्या माथ्यावर दोष घेतला, हें जाणत्या मनुष्याचें काम आहे असें म्हणण्यास आपण लाजूं नये. न्यायासन एवढेंच करूं शकतें. उत्तर कोणीं द्यावयाचें हें तें ठरवितें; उत्तर काय, हें तें कोणाच्या तोंडांत घालूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यालाच द्यावें लागतें.

आतां त्या जन्मांधाकडे परत वळूं. त्याच्या वागण्यांत जाणतेपणाचीं तीन चिन्हें दिसतात.

पहिलें हें कीं, तो स्वतःला ठाऊक असलेलें बोलतो. येशू पापी आहे कीं नाहीं ह्या वादांत तो शिरत नाहीं. तें आपणांला ठाऊक नाहीं असें तो सरळ सांगतो. परंतु आपण आंधळे होतों व आतां पाहतों, हें मात्र तो सोडीत नाहीं. त्याच एका दिव्यानें तो पुढें जातो. आरंभीं तो प्रभूला येशू नांवाचा मनुष्य म्हणतो, मग संदेष्टा म्हणतो, मग देवापासून आलेला म्हणतो, आणि शेवटीं त्याच्या पायां पडतो. उसनें उत्तर पाठ म्हणतां येतें, परंतु तें वाढत नाहीं. स्वतःचें उत्तर लहान असलें तरी वाढतें.

आपल्या मंडळींत ह्याचें उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचें आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं बायको नवऱ्याच्या मागें जाणार असें सर्वांनीं धरून चालावें, अशी रीत होती. लक्ष्मीबाई मागें गेल्या नाहींत. ताटातुटीचें दुःख त्यांनीं सोसलें. पुढें त्या टिळकांकडे राहावयास गेल्या, तरी आपला आचार त्यांनीं लगेच टाकिला नाहीं. त्यांचें स्वतःचें मन वळलें तेव्हां, १९०० सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तीं पांच वर्षें फुकट गेलीं काय? मुळींच नाहीं. नवऱ्याचें उत्तर त्यांनीं आपलें म्हणून सांगितलें नाहीं, म्हणूनच त्यांच्या उत्तराला पुढें एवढें वजन आलें.

दुसरें चिन्ह हें कीं, तो उत्तराची किंमत देतो. त्याला सभास्थानांतून बाहेर घालविलें. आईबाप ज्या गोष्टीला भ्याले तीच त्याच्यावर आली, आणि त्यानें आपला शब्द परत घेतला नाहीं. शब्दाची किंमत दुसऱ्याला देऊं देणें हें बाळपण. ती स्वतः देणें हें जाणतेपण.

तिसरें चिन्ह बहुतेकांच्या नजरेंतून सुटतें. आईबापांनीं त्याला एकटें टाकिलें, तरी तो त्यांच्याविरुद्ध एक शब्दहि बोलत नाहीं. मोठें होणें म्हणजे आईबापांना झुगारणें अशी पुष्कळ तरुणांची समजूत असते. आपला प्रभु बारा वर्षांचा असतां मंदिरांत बसला होता आणि आपल्या स्वर्गीय पित्याचें काम आपणांस ओळखीचें आहे असें तो बोलला. तरी लागलीच तो नासरेथास जाऊन आईबापांच्या आज्ञेंत राहिला, असें लूक सांगतो. आणि वधस्तंभावर असतां त्यानें आपल्या आईची सोय लाविली. पौल गलतीकरांस एकाच अध्यायांत दोन गोष्टी लिहितो: एकमेकांचीं ओझीं वाहा, आणि प्रत्येकानें आपला भार आपण वाहावा. ह्या दोहोंत विरोध नाहीं. ज्यानें आपला भार उचलिला त्याचाच खांदा दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो. नारायण शेषाद्रि यांचेंच पाहा. मुंबईंत ज्यानें आपलें उत्तर आपण दिलें, तोच मनुष्य पुढें जालन्याच्या बाजूस गेला आणि गांवकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांत राहून त्यानें तेथें बेथेल नांवाचें ख्रिस्ती खेडें वसविलें.

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊं. तुमच्या मंडळींतला एखादा तरुण डोळ्यांपुढें आणा. तो अंधेरीच्या एखाद्या कारखान्यांत लागला आहे. घाटकोपरच्या टेकडीवर चौघांत मिळून एका खोलींत राहतो. दर महिन्यास घरीं पैसे पाठवितो, ही चांगली गोष्ट आहे. गांवीं असतां उपासनेची घंटा त्याला उठवीत असे, बापाची नजर त्याला बसवीत असे, उपदेशकाची हजेरी त्याला बांधून ठेवीत असे. येथें त्याला कोणी उठवीत नाहीं, कोणी अडवीतहि नाहीं. रविवारीं तो झोपून राहिला तरी गांवाला कळत नाहीं. सोबती विचारतो, तूं ख्रिस्ती कां? तो म्हणतो, आमच्या आजोबांपासून आहे. हें उत्तर खोटें नाहीं, पण हें आजोबांचें उत्तर आहे. मुकादम सांगतो, न केलेल्या तासांवर अंगठा कर. खोलीचा मालक भाडें ठरविण्याआधीं नांव-गांव विचारितो, आणि खरें नांव सांगावें कीं नाहीं असा विचार त्याच्या मनांत येतो.

आणि एक रकाना आहे, त्याविषयीं आपण देवळांत बोलत नाहीं. अर्जांत धर्म कोणता म्हणून विचारलेलें असतें. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंस मिळाल्या. १९५६ सालीं त्या शिखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस त्या मिळत नाहींत. म्हणून कित्येक घरीं देवळांत एक नांव व कागदावर दुसरें, अशी स्थिति आहे. ज्यांनीं भुकेच्या भीतीनें तो रकाना भरला त्यांच्यावर मी दगड उचलीत नाहीं. त्या जन्मांधाचे आईबापहि गरीबच होते, त्यांच्या मुलाला भीक मागावी लागत होती. नियम बदलावा म्हणून सनदशीर मार्गानें मागणें हा आपला हक्क आहे. परंतु तो रकाना मुलाच्या हातून भरला जात असतां, तूं गप्प बैस, आम्ही भरतों, असें आपण म्हणतों, तेव्हां आपण त्याला अजाणच ठेवितों. त्याच्याजवळ बसा. असें लिहिलें तर काय मिळेल व काय जाईल, आणि तसें लिहिलें तर काय मिळेल व काय जाईल, हें त्याला उघड सांगा. मग लेखणी त्याच्या हातीं द्या.

आईबापांनो, येथें तुमची खरी कसोटी आहे. धनजीभाईंच्या कोर्टांतल्या दिवसाची गोष्ट आपण आनंदानें सांगतों. पण तोच दिवस आपल्या घरीं आला तर? मुलगी म्हणाली कीं, मला शिकावयाचें आहे, लग्नाला मी अजून कबूल नाहीं. मुलगा म्हणाला कीं, तुमचा विश्वास मला अजून आपला वाटत नाहीं. तर त्या पारशी घरासारखा आकांत आपणहि करणार काय? जो अधिकार दुसऱ्याच्या मुलाला मिळाला म्हणून आपण देवाचे आभार मानिले, तो आपल्या मुलाला नाकारतां येणार नाहीं. त्यालाच विचारा, हें वाक्य भीतीनेंहि बोलतां येतें आणि प्रीतीनेंहि बोलतां येतें. भीतीनें बोलणारा तोंड फिरवून निघून जातो. प्रीतीनें बोलणारा दारांत उभा राहतो, उत्तर मनाजोगें नसलें तरी दार लावीत नाहीं, आणि प्रार्थना करितो. उधळ्या पुत्राच्या बापानें हेंच केलें.

उपदेशकबंधूंनो, तुम्हांसहि एक विनंति आहे. मंडळीच्या वतीनें सर्व उत्तरें आपणच द्यावीं, अशी आपली संवय झाली आहे. प्रार्थना आपण करावी, साक्ष आपण द्यावी, भांडण आपण मिटवावें, आणि लोकांनीं आमेन म्हणावें. दुधावर राहणाऱ्या लेंकरांविषयीं इब्री लोकांस पत्रांत जें लिहिलें आहे, त्याचा दोष लेंकरांवर जितका आहे तितकाच वाटी सोडूं न देणाऱ्या दाईवरहि आहे. मिशनला मायबाप म्हणण्याच्या दिवसांत आपण वाढलों. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडलें, तें ह्याच बाळपणांतून ख्रिस्ती लोकांनीं बाहेर पडावें म्हणून. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपुरास निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तरी अजून देवळाचें छप्पर गळूं लागलें कीं, आपल्यांपैकीं पुष्कळांचे डोळे आधीं रस्त्याकडे लागतात, शिडीकडे नंतर.

म्हणून ह्या महिन्यांत दोन गोष्टी करा. दृढीकरणाच्या वर्गांतल्या प्रत्येक मुलामुलीला, पाठ केलेलीं उत्तरें झाल्यावर, एक प्रश्न असा विचारा कीं, ज्याचें उत्तर पुस्तकांत छापलेलें नाहीं: प्रभूनें तुझ्यासाठीं काय केलें हें तुला स्वतःला काय ठाऊक आहे? उत्तर अडखळलें तर अडखळूं द्या; कोणी मागून सांगूं नये. कांहीं ठाऊक नाहीं असें उत्तर आलें, तर त्याला रागें भरूं नका. खरें बोलण्यापासूनच त्याचा आरंभ झाला आहे. आणि जीं मुलें अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपरला आहेत, त्यांना रविवारीं फोन करा. पैसे पोंचले काय, ह्याच्या आधीं, तूं कसा आहेस, हें विचारा. तेथल्या जवळच्या मंडळीचा पत्ता द्या, आणि त्या मंडळीच्या पाळकाला मुलाचें नांव कळवा. एकट्यानें उत्तर द्यावें हें खरें; पण एकट्यानें राहावें असें शास्त्र कोठेंहि सांगत नाहीं.

त्या गोष्टीचा शेवट हाच आहे. त्याला बाहेर घालविलें हें येशूच्या कानीं गेलें, आणि येशूनें जाऊन त्याला गांठलें. सभास्थानाचें दार लागलें, आईबाप घरीं बसले, शेजारी पांगले. तेव्हां प्रभु त्याला शोधीत आला. मनुष्यांपुढें तो त्या दिवशीं पूर्ण जाणता ठरला होता, आणि प्रभूपुढें त्यानें लेंकरासारखें डोकें ठेविलें. ज्याला मनुष्यांपुढें आपल्या पायांवर उभें राहावयाचें आहे, त्यानें गुडघे कोठें टेंकावयाचे हें आधीं शिकून ठेवावें.

हे प्रभो, आमच्या मुलांना त्यांचें स्वतःचें उत्तर दे. तें ऐकण्याचें धैर्य आम्हां वडीलधाऱ्यांना दे. आम्ही जेथें भिऊन मागें सरलों तेथें आम्हांला क्षमा कर, आणि आमचे जे परक्या गांवीं एकटे उभे आहेत त्यांना तूं जाऊन गांठ. आमेन.